तळ्याकाठचे घर आणि गिरणीचे चार शेअर

माझे यजमान वारले तेव्हा माझ्या नावावर मुंबईच्या एका कापडगिरणीचे चार शेअर होते. ते त्याच गिरणीच्या कचेरीत कारकून होते आणि पगारातून शिल्लक टाकून त्यांनी एकेक करून ते माझ्या नावाने घेतले होते. "दागिना मोडताना घट लागते, याला लागत नाही," असे ते म्हणत. त्यांचे म्हणणे अर्धेच खरे होते, पण उरलेले अर्धे पाहायला ते राहिले नाहीत.

मी सहा वर्षांच्या मुलीला घेऊन ठाण्यास वडिलांकडे आले. वडिलांना आम्ही तात्या म्हणत असू. ते हेडमास्तर होऊन निवृत्त झाले होते. पेन्शन बेताची, बिऱ्हाड भाड्याचे, आई पूर्वीच गेलेली. मुलीला मुलींच्या शाळेत घातले. पहिले वर्ष असे गेले. मग कल्याणाहून माझ्या थोरल्या दिरांचे निरोप येऊ लागले: भावजय आमची, मुलगी आमची, दोघींना आमच्या घरी पाठवा. त्या घरी गेल्यावर काय होणार हे मला पाठ होते. माझ्यासाठी न्हावी बोलावला जाईल, मुलीची पाटी माळ्यावर जाईल, आणि आठवे सरण्याआधी तिचे लग्न होईल. तात्या आहेत तोवर नकार देता येत होता. तात्यांच्या माघारी नकार कोणत्या छपराखाली उभे राहून द्यायचा, हा माझ्यापुढचा प्रश्न होता.

त्याचे उत्तर तळ्याच्या काठी होते. दोन खोल्या, एक पडवी, मागे तुळशीपुरते अंगण, वर कौले. घराचे मालक खाडीपलीकडे कळव्याचे. त्यांची मिठागरे होती. ठाण्यातले हे घर त्यांना नको झाले होते. किंमत बावीसशे रुपये. माझ्या शेअरांचा भाव त्या वेळी पाचशेच्या आसपास होता, म्हणजे चारांचे दोन हजार. दोनशे कमी पडत होते. तात्यांना कर्ज हा शब्द उच्चारणेही आवडत नसे.

त्यांचा एक जुना विद्यार्थी मुंबईच्या शेअरबाजारात दलाली करी आणि ठाण्यातच राही. त्याला तात्यांनी बोलावले. त्याने जो मार्ग सुचवला तो मला आधी सावकाश मांडला पाहिजे, कारण पुढचे सारे त्यावरच उभे आहे.

समजा, तुमच्याजवळ पाचशेच्या भावाचा शेअर आहे. एखाद्या व्यापाऱ्याला वाटते की हा भाव चढणार. तो तुम्हांला म्हणतो, "अमुक मुदतीपर्यंत, म्हणजे वायद्याच्या दिवशी, हा शेअर साडेपाचशेला घेण्याचा हक्क मला द्या. घेईन किंवा घेणार नाही, माझी मर्जी. या हक्काबद्दल मी आजच वीस रुपये देतो." या हक्काला बाजारात तेजी म्हणत आणि वीस रुपयांना नजराणा. नजराणा कायमचा तुमचा. शेअर नेला तरी तुमचा, न नेला तरी तुमचा. मात्र तुम्ही बांधले जाता. त्याला मर्जी आहे, तुम्हांला नाही. जवळ शेअर नसताना जो असा हक्क देतो, तो वेडा. कारण भाव हजारावर गेला तर त्याला हजाराने विकत आणून साडेपाचशेने द्यावा लागेल. ज्याच्याजवळ शेअर घरात आहे त्याला ती भीती नाही. माझ्याजवळ होते.

"मग यात धोका कुठे?" तात्यांनी विचारले.

"तुम्हांला धोका असा नाहीच, मास्तर," दलाल म्हणाला. "जिन्नस जवळ आहे. असे लोक निवांत तेजी खातात."

"खातात?"

"बाजारची बोली, मास्तर. नजराणा देतो तो तेजी लावतो, घेतो तो खातो."

"आमच्या घरात खाण्यापूर्वी पाय धुण्याची रीत आहे," तात्या म्हणाले, आणि मला हाक मारून पाटी मागितली.

पाटीवर त्यांनी उभी रेघ ओढली. डाव्या बाजूस लिहिले: नेले तर. साडेपाचशे गुणिले चार, बावीसशे, घर आले. उजव्या बाजूस: न नेले तर. नजराणा ऐंशी, शेअर आपलेच. पुन्हा तेजी द्यावी. त्यांनी ती पाटी माझ्यापुढे धरली. "दोन्हीकडून लाभ. एखादी चूक दिसते का पाहा."

मी पाहिले. दोन्ही रकाने बिनचूक होते. रकाने दोनच होते, हे मला त्या दिवशी दिसले नाही. दलालाला दिसले असेल, पण त्याला विचारलेला प्रश्न वेगळा होता.

तात्यांची खात्री मात्र पाटीपेक्षा मिठाने जास्त झाली. घराच्या बोलणीसाठी कळव्याचे मिठागरवाले आले होते. पडवीत बसून सुपारी कातरत होते. तात्यांनी त्यांना हा व्यवहार सांगितला. त्यांना तो मुळीच नवा वाटला नाही. मिठाची रास लागली की व्यापारी येतो, दर ठरवतो, विसार देतो आणि पावसाआधी रास उचलीन म्हणून सांगतो. उचलली तर ठरल्या दराने. नाही उचलली तर विसार गेला, आणि रास जागच्या जागी.

"तोच धंदा हाय मास्तर, नवा काय त्यात?" ते म्हणाले. "रास बी आपली, इसार बी आपला. फकस्त येक. इसार घेतला का तोंड बंद. दुसरा कोन दोन पैसं जास्त देतो म्हनून आला, तरी त्याच्याकडं बघाचा नाय. आनि इसार परत करून मोकला होईन म्हंगाल, तर त्या मानसाच्या आगरावर पुन्ना येपारी चढाचा नाय."

"वा! याला नीती म्हणतात," तात्या म्हणाले.

"नीती नाय वो, धंदा," ते हसून म्हणाले आणि सुपारीचे खांड माझ्या मुलीपुढे केले. तिने माझ्याकडे पाहिले. मी डोळ्यांनी नको म्हटले.

अक्षय्यतृतीयेनंतर पहिली तेजी दिली. शेअरांचे कागद आणि नाव न भरलेल्या विक्रीपत्रांवर माझ्या सह्या, असे सगळे दलालाकडे ठेवावे लागले. जिन्नस हाती असल्याखेरीज व्यापारी विश्वास ठेवीत नसे. सौदा तात्यांच्या तोंडचा, म्हणून दलालाच्या दृष्टीने सौद्याचे धनी तात्या. सह्या माझ्या. या दोन गोष्टी वेगवेगळ्या आहेत, हे पुढे कळले.

पहिला वायदा श्रावणात सरला. भाव पाचशे दहावर होता. व्यापाऱ्याने शेअर नेले नाहीत. ऐंशी रुपये नुसते शेअर जवळ असल्याबद्दल मिळाले. इतक्या सोप्या रीतीने आमच्या घरात कधी काही आले नव्हते. तात्यांनी तेच ऐंशी रुपये घराचा विसार म्हणून मिठागरवाल्यांना दिले आणि उरलेले संक्रांतीपर्यंत देण्याचे ठरवले. त्याच आठवड्यात दुसरी तेजी दिली. तोच भाव, तोच नजराणा, मुदत मार्गशीर्षअखेर. मी मुलीला घेऊन घर पाहून आले. एका खोलीत तिची शाळा मांडून झाली, दुसरीत माझी चूल. कोनाड्यात काय ठेवायचे यावरून आमचे भांडणही झाले.

गणपतीच्या सुमारास भाव चढू लागला. सहाशे झाला, मग सहाशे वीस. दलाल मोदक खायला आला होता.

"मास्तर, तेजी दिली नसती तर आज अडीच हजारांच्या जवळ गेला असता. तुमचे दोनशे ऐंशी रुपये त्या व्यापाऱ्याच्या पानात पडले."

"माझे कुठले? साडेपाचशेच्या वरचे मी विकलेले आहे," तात्या म्हणाले. "विकलेल्या गाईच्या दुधाचा हिशेब करीत नाहीत. आम्हांला घरापुरते हवे होते. तेवढे येते."

ते मनापासून बोलत होते आणि मलाही ते पटले. वरची वाढ दुसऱ्याला बांधून देणे हा या व्यवहाराचा पहिला तोटा होय. पण ज्याला आपली गरज नेमकी ठाऊक आहे, त्याला तो सोसवतो. मला त्या आठवड्यात एकच काळजी होती. मार्गशीर्ष अजून लांब होता. व्यापाऱ्याला घाई नव्हती. हक्क त्याचा होता, आणि वायद्याच्या दिवसापूर्वी आम्ही त्याच्या गळ्यात शेअर घालू शकत नव्हतो.

दसऱ्याच्या पुढेमागे मुंबईहून गाठीच्या तापाची बातमी आली. आधी मांडवी बंदरापुरती, मग सगळीकडची. ठाण्याच्या स्टेशनावर बोचकी घेतलेली माणसे उतरू लागली. कोणी खाडी ओलांडून पुढे जात, कोणी धर्मशाळेत पडत. शेजारणींनी मुंबईचे पाहुणे ओळखणे सोडून दिले. गिरण्यांतले कामगार गावाकडे निघाले, असे दलाल सांगे. माझ्या गिरणीतले अर्धे माग थांबले होते.

दिवाळीच्या पाडव्याला तो आला तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. मुंबईहून रोज येणारा म्हणून त्याने स्वतःच आत येणे टाळले.

"मास्तर, भाव पाचशे पंचेचाळीस आहे आणि उतरता आहे. आजच काम करू. व्यापाऱ्याकडून तेजी परत विकत घेऊ. आता तिला फारशी किंमत नाही. शेअरामागे दहा रुपये देऊ, चाळीस. मग आपण मोकळे. उद्या सकाळी चारही शेअर विकून टाकतो."

मी आत उभी राहून मनात बेरीज केली. विकून एकवीसशे ऐंशी येतील. त्यांतून चाळीस वजा. दुसऱ्या नजराण्याचे ऐंशी मिळवले की बावीसशे वीस. विसार वजा जाता घराला एकवीसशे वीस लागणार. वर शंभर उरतात. त्यांत कागदाचा खर्च निघतो. घर आमचे होत होते.

तात्या म्हणाले, "परत विकत घेऊ म्हणजे?"

"सोडवून घेऊ."

"मी ज्याला शब्द देऊन पैसे घेतले, त्याला आता पैसे देऊन तो शब्द परत मागू?"

"मास्तर, बाजारात हे रोज होते. तो आनंदाने देईल. त्याला तर हे दहा रुपये सापडल्यासारखे आहेत! आपण काही चोरी करीत नाही."

"विसार घेऊन फिरणे याला दुसरे नाव असेल तर सांग."

"हा विसार नाही, मास्तर, नजराणा!"

"शाळेत असताना तू शब्द बदलून उत्तर जुळवीत असस," तात्या म्हणाले. "अजून तेच चालले आहे."

दलाल खाली पाहू लागला. पागोटे घातलेला, मुंबईत शेठ म्हणवून घेणारा माणूस, पण मास्तरांपुढे त्याची मान वर होईना. मग त्याने दाराच्या फटीकडे तोंड वळवून मला विचारले, "ताई, शेअर तुमचे आहेत. तुम्ही काय म्हणता?"

मी बाहेर आले. तात्यांसमोर परपुरुषाशी मी पूर्वी कधी बोलले नव्हते. "सोडवा आणि विका," मी म्हणाले. "शब्द तुमचा असेल, तात्या. शेअर माझे आहेत, आणि घर हिचे आहे." मुलगी माझ्या मागे उभी होती.

तात्या रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते. त्यांनी शांतपणे विचारले, "आणि व्यापारी म्हणाला, या मास्तराने भाव पडताना पळ काढला, तर?"

"तो तसे म्हणणार नाही, तात्या. हे आत्ताच सांगत आहेत ना."

"मी म्हणेन," तात्या म्हणाले, आणि पंचा खांद्यावर टाकून तळ्याकडे निघून गेले.

दलाल उभाच राहिला. मी पुन्हा म्हटले, "सोडवा." त्याने हात जोडले. "ताई, सौदा मास्तरांचा आहे. त्यांनी हो म्हणायला हवे. मी त्यांच्या हातच्या छड्या खाल्लेल्या आहेत. त्यांचा शब्द मोडून मी उद्या त्यांच्यापुढे कसा येऊ?" तो पायरीवरूनच परत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी काहीही विकले गेले नाही.

यानंतरचे सांगायला थोडे शब्द पुरतात. भाव पाचशेला आला, तेव्हा तात्यांनी आपल्या मनाशी धरले की मूळचे तरी आहे. साडेचारशेला आला, तेव्हा त्यांनी दलालाला भाव विचारणे बंद केले. मार्गशीर्षात तो तीनशेवर पोचला. कागद दलालाच्या पेटीत बांधलेले. ते व्यापाऱ्याची मर्जी संपेपर्यंत आमचे असून आमचे नव्हते. व्यापारी शेअर नेणार नाही हे आता आंधळ्यालाही दिसत होते, तरी वायद्याच्या दिवसापर्यंत त्याची वाट पाहणे आम्हांला भाग होते, कारण तात्यांनी तसे ठरवले होते.

येथे मिठाचा दाखला कसा चुकला ते लिहिते. राशीवर पेंढा शाकारता येतो. विसारवाला आला नाही तरी मीठ मीठच राहते आणि पुढच्या हंगामात विकते. शेअरावर पेंढा घालता येत नाही. तो घरात निजलेला असतो आणि त्याची किंमत बाहेर, न पाहिलेल्या माणसांच्या भीतीने ठरते. नजराणा हे त्या पडण्यावरचे छप्पर नव्हे. वीस रुपयांची घट तो भरून काढतो, दोनशेची नाही. वरच्या वाढीला आम्ही हद्द घालून दिली होती, खालच्या घटीला कोणी घातली नव्हती. जो माणूस हे जाणून वेळीच सोडवून घेतो, त्याला हा व्यवहार थोडीबहुत भाकरी देतो. बाजारात अशी माणसे होती आणि ती अप्रामाणिक नव्हती.

वायद्याच्या दिवशी कागद परत आले. माझ्या सह्यांखाली नावाची जागा तशीच रिकामी होती. दुसरा नजराणा ऐंशी रुपये तात्यांनी आधीच माझ्या डब्यात ठेवला होता. ते म्हणाले, "हा तुझाच." एवढेच.

संक्रांतीला मिठागरवाले आले. तीळगूळ घेतला. त्यांनी थोडे थांबण्याची तयारी दाखवली, पण थांबून भाव चढेल असे कोणालाच म्हणवेना. मुंबईहून पळालेल्या एका कुटुंबाला ठाण्यात घर हवे होते आणि ते रोख देत होते. घर त्यांना द्यायचे ठरले. जाताना मिठागरवाल्यांनी विसाराचा विषय काढला.

"मास्तर, इसाराचे पैसं..."

"ते तुमचे," तात्या मध्येच म्हणाले. "परत दिलेत तर मी घेणार नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. त्या ऐंशी रुपयांत मुलीच्या दोन वर्षांच्या कपड्यांची सोय झाली असती. पण त्या पडवीत माझ्या बोलण्याने काय होते हे मी पाडव्याला पाहिले होते. "बरा बाय, येतू," म्हणून ते उठले.

माघात ठाण्यातही उंदीर मरू लागले. कल्याणाचे दीर स्वतः आले. तात्यांना म्हणाले, "आता तरी हट्ट सोडा. तुम्ही सत्तरीला आलात. उद्या तुम्हांलाच काही झाले तर हिने कोणाच्या दारात उभे राहायचे?" मी बोचके बांधले. तात्या आमच्याबरोबर आले नाहीत. ठाण्यातच राहिले आणि त्या साथीतून वाचले. त्यानंतर त्यांनी शेजारच्या मुलांना गणित शिकवणे सोडून दिले, असे लोक सांगत.

कल्याणास दोन आठवड्यांत मुलीसाठी स्थळ आले. दिरांशी मी समोरासमोर बोलू शकत नव्हते. ते ओटीवर, मी दाराआड, मध्ये जाऊबाई.

"त्यांना सांगा," मी म्हणाले, "लग्नाचा खर्च मी माझ्या शेअरांतून करीन. पण दोन वर्षांनी. तोवर मुलगी शाळेत जाईल."

जाऊबाईंनी कपाळावर हात मारला. "अगोबाई, हे मी कसं सांगू? मलाच खातील." पण त्यांनी सांगितले.

"तिला म्हणावे, खर्च कशावरून करील?" ओटीवरून आवाज आला. "त्या कागदांची आता रद्दी झाली आहे. पैसे हातात आल्याशिवाय मी कोणाला थांबवणार नाही."

"मग दोन आजच विकते म्हणावे."

"वेडी आहे का? पडत्या भावात?"

"हो म्हणावे. पडत्या भावात."

जाऊबाई हसल्या, मग घाबरून पदर तोंडात धरला. दोन शेअरांचे सहाशे आले आणि दिरांच्या पेटीत गेले. त्यांनी स्थळाला नकार कळवला. माझा न्हावी मात्र टळला नाही. ते त्या सौद्यात नव्हते.

दोन वर्षे मुलगी शाळेत गेली. तिला अपूर्णांक आले, भूगोल आला, तात्यांची पत्रे ती स्वतः वाचू लागली. मुदत संपली त्या महिन्यात तिचे लग्न ठरले. मुलाकडच्यांनी तिचे अक्षर पाहिले आणि मुलगी फार शिकलेली आहे म्हणून हुंडा वाढवून मागितला. उरलेले दोन शेअर मी त्या वेळी विकले. साथ ओसरत होती, माग पुन्हा चालू झाले होते, भाव पाचशेच्या वर चढला होता. या वेळी मी कोणाला आधी काही बांधून दिले नव्हते. आला तो सगळा भाव माझा होता, आणि तो दुसऱ्या दिवशी सकाळी व्याह्यांच्या घरी पोचला.